मागून नेता न येणारा कॉम्प्युटर

"याचं वजन किती?" काकूंनी विचारलं.

दुकानदाराचं तोवर बरंच काही सांगून झालं होतं. प्रोसेसर कुठल्या पिढीचा, मेमरी किती, पंखे किती आणि पंख्यांत दिवे कुठल्या कुठल्या रंगांचे. वजन विचारणारी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती, पण ती सगळी हलकं शोधत यायची. त्याने लगबगीने पुस्तकाएवढा एक डबा पुढे केला.

"हा बघा, मावशी. एका हातात मावतो."

"मग नको. एका हाताने उचलता येणार नाही असा दाखवा. दोन्ही हातांनी उचलतानाही कमरेत कळ आली तर फारच छान."

दुकानदाराने काकूंकडे नीट पाहिलं. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची दोरी गळ्यात. चेष्टा करणाऱ्यांतल्या दिसत नव्हत्या.

"कशासाठी हवाय?"

"भरतकामासाठी."

"आणि वजन?"

"ते घरच्यांसाठी."

काकू म्हणजे सगळ्यांच्याच काकू. पुतणी काकू म्हणते ते ठीक, पण त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असलेला पेपरवालाही काकूच म्हणतो. त्या मशीनवरच्या भरतकामाची नक्षी बसवतात. शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, क्लबच्या टोपीवरचं चिन्ह, हॉटेलच्या टॉवेलवरची अक्षरं, ही कापडावर उमटण्याआधी कुणीतरी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने मांडावी लागतात. कुठला भाग आधी शिवायचा, दोरा आडवा न्यायचा की तिरका, टाके किती दाट, दोरा कुठे तोडायचा, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं. कारखान्यातलं मशीन स्वतःचं डोकं चालवत नाही. फाइल सांगेल ते करतं. काकू म्हणतात, "घरात असं कुणी असतं तर काय हवं होतं."

घरात तसं कुणी नव्हतं. घरात होते दादा, म्हणजे काकूंचे मोठे दीर. जाहिरातींच्या कचेरीत कामाला, आणि एका विशिष्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्यांचा एवढा जीव, की दुसऱ्या कंपनीचा कॉम्प्युटर कुणाच्या टेबलावर दिसला तर ते त्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करायचे. घरातले लॅपटॉप त्यांच्याकडूनच उतरत यायचे. दादा नवा घेत, जुना त्यांच्या मुलीला मिळे, आणि मुलीने वापरून वापरून अक्षरं पुसली गेली की तो काकूंकडे येई. काका छापखान्यात पाळीवर जात आणि कुठल्याही प्रश्नावर "दादाला विचार" एवढंच म्हणत. जाऊबाई नर्स होत्या. ड्यूटीवरून आल्या की त्यांना पाठ टेकायला जागा लागे. घरात काकूंना फक्त त्यांचाच त्रास नव्हता.

लॅपटॉप काकूंकडे आला म्हणजे काकूंचा झाला, असं मात्र नव्हतं. "काकू, जरा देतेस?" म्हणत पुतणी तो गच्चीवर न्यायची. "जरा दे गं," म्हणत सासूबाई दूर राहणाऱ्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायला घेऊन जायच्या आणि बहिणीला स्वयंपाकघर, बाल्कनी आणि स्वतःच्या गुडघ्याची सूज दाखवून परत आणायच्या. दादा तर "जरा"सुद्धा म्हणत नसत. मूळ मशीन त्यांचंच होतं ना. परत येताना लॅपटॉपच्या बटणांत शेवेचे कण असत आणि बॅटरी मरायला टेकलेली असे.

त्यात भरतकामाचं सॉफ्टवेअर दादांच्या लाडक्या कंपनीच्या मशीनवर चालतच नव्हतं. काकूंनी ते दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या आत बसवून घेतलं होतं. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवावा, तसला प्रकार. दोघांचं मिळून ओझं झालं की लॅपटॉप तापायचा आणि आतला पंखा घोरायला लागायचा.

मग हरणाचं प्रकरण झालं. कुठल्याशा शाळेच्या बिल्ल्यावर उडी मारणारं हरीण होतं. काकूंनी ते पूर्ण केलं, गॅसवरचं दूध उतरवायला उठल्या, आणि तेवढ्यात पुतणीने सगळ्या खिडक्या धडाधड बंद करून लॅपटॉप उचलला. "सेव्ह करू का?" या प्रश्नाला तिने "नको" म्हणून टाकलं होतं. संध्याकाळी कारखान्यातून तगादा आला तेव्हा लॅपटॉपवर सासूबाईंची बहीण होती. ती हलेना, म्हणून काकूंनी स्क्रीनच्या कोपऱ्यातून कशीबशी फाइल शोधली आणि न उघडताच पाठवली. ती होती दुपारच्या जेवणाआधी सेव्ह केलेली, अर्धवट.

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्या बाईंनी बोलावून घेतलं. भरतकामाचा कारखाना त्यांचा. मुख्य माल टोप्या, म्हणून सगळीकडे त्या टोपीवाल्या बाई. त्यांनी नमुन्याचं कापड टेबलावर पसरलं.

"मागचे पाय कुठे आहेत?"

काकूंनी पाहिलं. हरीण पोटापर्यंत सुरेख होतं.

"राहिले."

"कुठे राहिले?"

"आमच्या घरी," काकू म्हणाल्या.

टोपीवाल्या बाई हसल्या नाहीत. "हे बघा, एका मोठ्या क्लबचं काम येतंय. टोप्या, जाकिटं, पिशव्या, वर्षभर चालेल. त्यांचा कोंबडा आहे, भरघोस शेपटीचा. तुम्ही नमुना करून द्या. नीट आला तर सगळं काम तुमचं. आणि असाच दोन पायांचा आला, तर माझी भाची शिकलीय हे, तिला देईन. मग मला तुम्हाला हाक मारायला कारण उरणार नाही."

"कोंबड्याला दोनच पाय असतात," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच तुम्हाला देतेय," बाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत काकूंचं ठरलं होतं. स्वतःच्या कमाईतून स्वतःचा कॉम्प्युटर, आणि तो दुसऱ्या पंथाचा, ज्याच्यावर सॉफ्टवेअर सरळ चालेल. आणि तो टेबलावरून हलणार नाही असा.

जेवताना त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा दादांनी घास खाली ठेवला.

"तू तिकडे जाणार?"

"कॉम्प्युटर घेतेय, दादा."

"तिकडे सगळं उलटं असतं. खिडकी बंद करायची खूण उजवीकडे असते. व्हायरस असतात. दर दोन दिवसांनी ते स्वतःच बंद होतं आणि स्वतःच चालू होतं. आणि एकदा तिकडची सवय लागली की परत येता येत नाही."

सासूबाई घाबरल्या. "म्हणजे ही घर सोडून चाललीय की काय?"

"नाही हो आई," काकू म्हणाल्या. "कपाटाशेजारच्या टेबलापर्यंत चाललेय."

काका म्हणाले, "दादाला विचार." मग दादा समोरच बसलेत हे लक्षात येऊन त्यांनी ताक मागितलं.

तर असा तो दुकानातला दिवस. दुकानदाराने मागच्या खोलीतून एक जुन्या घडणीचा पोलादी डबा ओढत आणला. तो कुणी घेत नव्हतं म्हणून तिथेच पडला होता. काकूंनी वाकून तो उचलून पाहिला. हलला नाही. त्यांचा चेहरा उजळला. आत काय बसवायचं याबद्दल मात्र त्या चोख होत्या. दिवे नकोत, काचेची बाजू नको, खेळांसाठीचं कार्ड नको. त्यात दुकानदाराने आपल्या अकलेने वायफायचं कार्ड आणि स्पीकर घातले, कारण ते सगळेच घालतात. मेमरीत मात्र काकूंनी हात आखडता घेतला. तीच चूक झाली.

कॉम्प्युटर घरी आला. दोन माणसं तो धापा टाकत वर घेऊन आली. पुतणीने डब्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "काकू, हा न्यायचा कसा?"

"न्यायचा नसतो गं, इथेच बसायचं असतं," काकू म्हणाल्या आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

पण त्यांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. कॉम्प्युटर माणसांकडे जाऊ शकत नसला, तरी माणसं कॉम्प्युटरकडे येऊ शकतात. आणि आली. पुतणी तिची उशी घेऊन आली आणि तिने एक खेळ घातला, ज्यात ती दूरदेशीच्या अनोळखी पोरांबरोबर किल्ले पाडायची. सासूबाई बहिणीला घेऊन आल्या. स्क्रीन मोठा, त्यामुळे बहिणीला गुडघा स्पष्ट दिसू लागला आणि संभाषणं लांबली. दादा "जरा सेटिंग बघतो" म्हणून आले. त्यांच्या हातांना सवय दुसऱ्या मशीनची. ते पान खाली सरकवायला जात आणि पान वर पळे. बंद करायला डावीकडे जात आणि तिथे काहीच नसे. शोधायला म्हणून ते नेहमीच्या दोन बटणांची जोडी दाबत आणि पुढचं अक्षर टाइप करताच समोरची खिडकी गुडुप होई.

"कीबोर्ड खराब आहे," दादा म्हणाले. तरी उठले नाहीत. आपल्या कचेरीतले फोटो सुरक्षित राहावेत म्हणून सगळे इथे उतरवून ठेवले, आणि मगच उठले.

काकू खुर्चीच्या मागे हात पुसत उभ्या असत. स्वतःच्या टेबलापाशी आपला नंबर येण्याची वाट बघत.

कोंबडा जेमतेम मानेपर्यंत आला होता. टोपीची गंमत अशी की ती सपाट नसते. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना शिवत जावं लागतं, आणि खालून वर. नाहीतर कापड पुढे ढकललं जाऊन कपाळावर सुरकुती पडते. काकूंनी छाती छान भरली, तुरा उभा केला. शेपटीला हात घातला आणि कॉम्प्युटर थिजला. एकेका पिसात टाके दाट, रंगाला रंग लागून, आणि मागे पुतणीचे किल्ले उघडेच. एक पीस हलवायचं म्हटलं तर चहा करून यावं इतका वेळ.

दादांनी हे दारातून पाहिलं. त्यांना जो आनंद झाला तो लपवण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला.

"मी म्हटलं नव्हतं? पण आता घेतलाच आहेस, तर नीट करू. माझा विचार झालाय. मोठी मेमरी टाकू, खेळांचं कार्ड टाकू, भिंतीएवढा स्क्रीन घेऊ. खर्च मी करतो. आणि हॉलमध्ये ठेवू. सगळ्यांचा होईल."

"तो हलत नाही, दादा."

"चाकांचं टेबल आणू."

काकूंनी डब्याकडे पाहिलं. एवढं पोलाद विकत घेतलं, आणि चार चाकांनी ते पिसासारखं करून टाकलं असतं. सरळ नाही म्हणावं तर दादांचं मन मोडणार. ते खर्च करायला निघाले होते, त्यात खोट काहीच नव्हती, आणि तीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं.

"आधी दुकानात दाखवून आणते," काकू म्हणाल्या. "काय बसतंय त्यात, ते तरी कळू दे."

डबा खाली नेताना काका दोनदा थांबले. "हलका घ्यायला काय झालं होतं तुला?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच "दादाला विचार" म्हणाले नाहीत. श्वासच उरला नव्हता.

दुकानदाराने झाकण काढलं. "मेमरी वाढवू या, मावशी. आणि डिस्क वेगळी, जलद टाकू. पळेल मग. आणखी काय घालू?"

"घालायचं झालं," काकू म्हणाल्या. "आता काढा."

"काय काढू?"

"वायफाय काढा. स्पीकर काढा. आवाज मुळातून बंद होतो का?"

"होतो, आतून बंद करता येतो. पण का?"

"माझ्या कोंबड्याला आरवायचं नाहीये."

दुकानदार स्टुलावर बसला. "मावशी, लोक अपग्रेड करायला येतात म्हणजे भर घालायला येतात. नको असतील माणसं, तर पासवर्ड घाला ना. सोपं आहे."

"पासवर्ड म्हणजे कुलूप. कुलूप दिसतं. दिसलं की लोक विचारतात, आमच्यापासून काय लपवतेस. आठवडाभर अबोला, आणि मग चावी द्यावीच लागते. बिघाडाला कुणी असलं काही विचारत नाही."

दुकानदाराच्याही घरी माणसं असावीत. त्याने स्क्रू फिरवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः डबा पोचवून गेला. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. आल्या तेव्हा सगळं जोडून तयार होतं आणि सासूबाई दारात माळ ओढत बसल्या होत्या. काकूंनी चालू करून पाहिलं. शेपटीचं पीस बोटाबरोबर सरकलं, जिभेवर साखर विरघळावी तसं. त्या तासभर उठल्या नाहीत.

मग कॉलेज सुटलं. पुतणी उशी घेऊन आली, बसली, आणि तिचे किल्ले उघडेनात.

"काकू, नेट नाहीये याला."

"हो का?"

"आणि आवाजपण नाही."

"अगंबाई."

पुतणीने दादांना बोलावलं. दादा चष्मा पुसत आले, खुर्चीत बसले, पान खाली सरकवायला गेले, ते वर पळालं. खूप वेळ त्यांनी इकडे तिकडे टिचक्या मारल्या. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि ओठ आतून चावत होत्या. अखेर दादा मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती.

"मेमरी वाढवली की यांचं असं होतं," ते म्हणाले. "एक घातलं की दुसरं बंद पडतं. त्या बाजूच्या मशीनना एवढा भार सोसत नाही."

"मग आता?"

"आता काही नाही. हा डबा आहे. हॉलमध्ये ठेवून उपयोग नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुला भरतकामापुरता चालतोय ना? वापर मग. मी आधीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत, दादा," काकू म्हणाल्या. आयुष्यात इतकं मनापासून त्या दादांशी कधीच सहमत झाल्या नव्हत्या.

दादांनी आपले फोटो एका पेनड्राइव्हवर परत नेले. त्या रात्रीच्या जेवणात ते काकूंना दोनदा म्हणाले, "भात घे अजून." आपलं खरं ठरलं की माणूस फार उदार होतो. पुतणीने तिचा लॅपटॉप काढला. काकूंनीही त्यांचा पुसलेल्या अक्षरांचा जुना लॅपटॉप हॉलमधल्या टीपॉयवर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, कुणाला लागला तर असू दे. सगळ्यांना त्यांची दया आली.

कोंबडा ठरल्या दिवशी पूर्ण झाला. काकू पेनड्राइव्ह पदराला बांधून कारखान्यात घेऊन गेल्या. नेट नाही म्हटल्यावर एवढी तंगडतोड आलीच. मशीन खडखडत सुरू झालं. छाती, पाय, दोन्हीच्या दोन्ही, मग तुरा, आणि शेवटी शेपटीची पिसं, एकामागून एक, रंग बदलत. टोपीवाल्या बाईंनी टोपी हातात घेतली, पुढून पाहिलीच नाही. उलटी केली आणि आतल्या टाक्यांवरून नख फिरवलं. एकही सैल दोरा अडकला नाही.

"पाठ स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. मग टोपी सरळ केली. "जाकिटाचा कोंबडा याच्या दुप्पट हवा. पिशवीचा छोटा. कधीपर्यंत देता?"

"भाची शिकलीय ना?" काकूंनी विचारलं.

"शिकलीय. पण ती तासाभरात दहा वेळा फोन बघते. तुमच्याकडे कुणी नसतं का मध्ये मध्ये करायला?"

"नाही," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे नेटच नाही."

हे वाक्य म्हणताना त्या इतक्या सुखात होत्या की घरी येताना एक बस मुद्दाम सोडून पुढचा रस्ता चालत आल्या.

दार उघडून आत आल्या तर सासूबाई त्यांच्या टेबलापाशी. खुर्चीत नव्हे, शेजारच्या स्टुलावर. समोर चष्म्याची पेटी उघडी, आणि तिच्यात चष्म्याशेजारी दोन मिशा असलेलं एक छोटं हिरवं कार्ड, वायफायचं.

काकू पदराने घाम पुसायला विसरल्या.

"दुकानदार देऊन गेला," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाला, सुनेने काढायला सांगितलेलं आहे, जपून ठेवा, पुन्हा बसवता येतं. मी म्हटलं, ठेवते."

"तेव्हापासून आहे तुमच्याकडे?"

"मग काय. दादा त्या खुर्चीत बसून डॉक्टरकी करत होता तेव्हा माझ्या मांडीवरच होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"त्याला इतकं खरं ठरलेलं मी त्याच्या लग्नापासून पाहिलं नव्हतं. कशाला विरजण घालू?" सासूबाईंनी पेटी मिटली, पण हातातून सोडली नाही. "बहीण माझी टीपॉयवरच्या लॅपटॉपवर येते. तिची मला गरज नाही इथे. पण एक सांग. याच्यात पत्ते लावता येतात म्हणे. एकट्याने खेळायचे. नेट लागत नाही म्हणे त्याला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. कोंबड्याच्या वर्षभराच्या टोप्या, जाकिटं, पिशव्या त्या पेटीत होत्या आणि पेटी त्या सुरकुतलेल्या मुठीत.

"आई, मला दिवसभर काम असतं याच्यावर."

"कारखान्यात जातेसच ना तू फाइल द्यायला. तेवढा वेळ. मी काही तुला खुर्चीतून उठवणार नाही."

"आणि सेव्ह करू का, असं विचारलं तर?"

"हो म्हणेन. मला काय, माझं थोडंच आहे त्याच्यात."

"आणि गुडघा दाखवता दाखवता बहिणीला हे सांगून बसणार नाही ना?"

"गुडघा माझा आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्याला मी सांभाळते. तू दादाला सांभाळ."

काकूंनी त्यांना पत्ते लावून दिले. सेव्ह कसं करायचं ते दोनदा करून दाखवलं आणि एकदा त्यांच्याकडून करून घेतलं. सासूबाईंची सवय कुठल्याच मशीनची नव्हती, त्यामुळे त्यांना काहीच उलटं वाटलं नाही. पान वर जातं की खाली, त्यांनी विचारलंही नाही. त्या काकूंपेक्षा लवकर शिकल्या.

आता काकू पेनड्राइव्ह घेऊन निघाल्या की सासूबाई खोलीत जातात आणि दाराला आतून कडी लावतात. परवा दादा सुट्टीवर होते. बराच वेळ आतून टकटक ऐकू येत राहिली, तेव्हा ते दारापाशी गेले.

"आई, काय करतेस आत?"

आतली टकटक थांबली.

"पुसतेय रे," सासूबाई म्हणाल्या. "बिघडलेलं मशीन आहे बिचारीचं. धूळ तरी बसू नये त्याच्यावर."

दादांना गहिवरून आलं. थोरल्या मुलाला शोभेल अशा आवाजात ते म्हणाले, "मी मदत करू का?"

"नको," आतून उत्तर आलं. "तुझ्या हाताला त्याची सवय नाही."